राखणदाराच्या वाटेवरची रेघ

"गेली! परत गेली!"

खालून हा गलका आला तेव्हा मी एका गृहस्थांच्या अक्कलदाढेशी झटापट करत होते. ते बिचारे आ वासून पडलेले, तरी त्यांचे डोळे खिडकीकडे वळले. मीही वळले. आमच्या नीलपद्म कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये ही गर्दी! झेरॉक्सवाला, औषधवाला, मोबाइलची कार्डं विकणारा, दोन रिक्षावाले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. सगळे गोल करून, माना खाली घालून उभे. कुणाची सोन्याची साखळी पडली असावी, असं मला वाटलं.

गेली होती ती रेघ. आदल्या दिवशी सखाराम पेंटरने मारलेली, चार बोटं रुंद, पांढरीशुभ्र रेघ. सकाळी झाडूवालीने झाडू फिरवला आणि रेघेचे पापुद्रे केराबरोबर गोळा होऊन आले. ही तिसरी खेप होती. गर्दीत सोनूबाई म्हणून एक म्हातारी होती, आमच्याच मजल्यावरच्या शिंप्याची आई. तिने त्यातला एक पापुद्रा उचलला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

"ऑक्टर, आय आलं?" खुर्चीतल्या गृहस्थांनी तोंडातल्या कापसातून विचारलं.

"काही नाही. तुमची दाढ निघायला तयार नाही आणि खाली रेघ राहायला तयार नाही. आ करा."

मी दातांची डॉक्टर. रत्नागिरीत, मांडवीला पंचवीस वर्षं लोकांची तोंडं बघते आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलं की माणूस जरा तिरकस बोलायला लागतो, ते तुम्ही चालवून घ्या.

तर हे साल दोन हजार तीन. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. कॉम्प्लेक्सचे मालक आप्पा. आंब्याच्या बागा वडिलांच्या, इमारत स्वतःची, आणि तळमजल्यावर मागच्या बाजूला त्यांचं स्वतःचं जेवणाचं हॉटेल. सुरमईच्या थाळीसाठी लोक लांबून यायचे. आप्पा मुंबईला पुतण्याकडे गेले होते. तिथे एका मोठ्या दुकानासमोर गाड्या रेघांच्या आत निमूट उभ्या असलेल्या त्यांनी पाहिल्या आणि झालं! परत आल्याबरोबर म्हणाले, "आपल्याकडेही पाहिजेत. शिस्त म्हणजे शिस्त." समोरच्या मोकळ्या जागेत सिमेंटचा कोबा होताच. सखारामला बोलावलं, दोऱ्या ताणल्या, रेघा मारल्या. पहिल्याच दिवशी लोकांनी गाड्या दोन रेघांच्या मध्ये न लावता बरोबर रेघेवर लावल्या. एवढी छान रेघ मारली आहे, तर चाक तिच्यावर नको का?

ते चाललं असतं. पण फाटकापासून हॉटेलच्या मागच्या दाराकडे तिरकी जाणारी एक पट्टी होती, साधारण एका माणसाने हात पसरावेत एवढी रुंद. त्या पट्टीत आलेली प्रत्येक रेघ सोलून निघायची. बाकीच्या रेघाही काही फार धड नव्हत्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांच्याही कडा उचलल्या होत्या. पण तिकडे बघतो कोण! सगळ्यांचे डोळे त्या एका पट्टीवर.

आणि मग कुणीतरी तो शब्द उच्चारला. "वाट."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो अदृश्य असतो, हातात काठी घेऊन आपल्या हद्दीत फेरी मारतो आणि त्याच्या फेरीची वाट ठरलेली असते. त्या वाटेवर भिंत घालायची नाही, दार काढायचं नाही, खाटसुद्धा टाकायची नाही. इंजिनिअर झालेली माणसं घराचा नकाशा बदलतात त्याच्यासाठी. तेव्हा लांबलचक, सरळ पट्टीत रेघ टिकत नाही म्हटल्यावर आमच्या माणसांनी एकच अर्थ काढला. दुसऱ्या कुठल्या गावात आधी पेंटरला शिव्या बसल्या असत्या!

शब्द निघाला आणि दोन दिवसांत बुवा आले. गंगाराम बुवा, खेडकडचे. काळी दाढी, भगवी लुंगी, वर चौकटीचा हाफ शर्ट. पायांत चपला नाहीत, मोबाइल मात्र कमरेला. त्यांनी पट्टीवरून डोळे मिटून एक फेरी मारली आणि मध्येच थबकून किंचाळले, "आहे! इथून जातो! म्हातारा आहे, उजवा पाय जरा ओढतो!"

"उजवा?" आप्पांनी हात जोडून विचारलं.

"माझ्याकडून बघितलं तर उजवा. तुमच्याकडून डावा."

गर्दी शहारली. मी खिडकीत हसले, पण माझं हसू ऐकायला खाली कुणी मोकळं नव्हतं.

मग बुवांनी कसोटी मांडली. त्यांच्याजवळ दोन तांबे होते, एक पितळी आणि एक तांब्याचा. त्यांनी पट्टीवर एका जागी पितळी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं आणि सखारामला म्हणाले, "मार इथे रेघ. लगेच मार. न विचारता मारलेली रेघ." सखारामने ओल्यावरच मारली. मग पट्टीवरच दोन हात पलीकडे दुसरी जागा. तिथला थाट वेगळाच. आधी विहिरीचं पाणी, तेही बादल्यांवर बादल्या. नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालाने, घासणं. "अकरा जणांनी घासा, पाप जाईपर्यंत घासा!" पुन्हा पाणी. मग तांब्याच्या तांब्यातले चार थेंब. मग आरती, मग भजन, मग आणखी एक भजन. ऊन चांगलं रणरणायला लागलं तेव्हा बुवांनी हात वर केला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी ह्या लेकरांनी तुझी वाट न इचारता जी काय रेघ मारली असंल..."

"व्हय म्हाराजा!" गर्दी एका सुरात ओरडली. आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडातून हे आपोआप निघतं. झोपेतसुद्धा निघतं.

"ती तू तुझ्या पायानं पुसून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि इचारून मारलेली रेघ सुखात राहू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली रेघ झाडूला आली. दुसरी नखाने खरवडली तरी निघेना. काय तो जयजयकार! औषधवाला, जो स्वतः बी.फार्म. झालेला, तो साष्टांग पडला.

इथपर्यंत मला नुसती मजा वाटत होती. खरं सांगते, मी पेशंटना गंमत म्हणून हे रंगवून सांगायची. पण त्या दिवशी बुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हाराजाला घुमटी पाहिजे. वाटेच्या तोंडावर." आणि बोट रोखलं ते सगुणाच्या टपरीवर.

सगुणा फाटकाजवळ घावने करून विकायची. नवरा गेल्यापासून त्या टपरीवर तिचं आणि तिच्या दोन मुलींचं पोट. घावन-चटणी, हिवाळ्यात कुळथाची पिठी. कॉम्प्लेक्समधला एक माणूस नसेल ज्याने तिच्या हातचं खाल्लं नाही. मीही रोज खायची. पेशंटना मात्र 'बाहेरचं खाऊ नका' म्हणून सांगायची.

"हिच्या चुलीचा धूर म्हाराजाच्या डोळ्यांत जातो," बुवा म्हणाले. "वाट अडवून बसली आहे ही बाई. म्हणून तो रेघा पुसतो. आज रेघा पुसतोय, उद्या माणसं पुसेल!"

आणि काल तिच्याकडून जास्तीची चटणी मागून घेणारी माणसं तिच्याकडे अशी बघायला लागली की मला त्यांचे भूल न देता दात काढावेसे वाटले. घुमटीचा, म्हणजे त्या छोट्या देवळीचा, पाया घालायचा मुहूर्त येत्या अमावास्येचा ठरला. त्याच्या आधी टपरी उठली पाहिजे, असं आप्पांनी सांगून टाकलं. घुमटीपुढे दानपेटी येणार होती आणि तिची किल्ली बुवांकडे राहणार होती, हे वेगळं सांगायला नको.

मी खाली गेले. सगुणा भांडी गोणत्यात भरत होती. अंग तापलेलं.

"तू का आवरतेस? भांड की त्यांच्याशी!"

"काय भांडू गो बाय? माझ्याच हातून पाप घडलं. मला काय ठाऊक तो इथनं जातो ते? काल रात्री धाकटीला पण ताप आला." तिचे डोळे भरून आले. "पण इथनं उठून बसू कुठं? रत्नागिरीत एक कोपरा दाखव, जिथं आधी कोण देव नायतर कोण दुकानदार बसलेला नाय."

त्या बाईला आपण गुन्हेगार आहोत हे पटलेलं होतं. माझा संताप झाला. बुवाचा राग येण्यापेक्षा जास्त, तिला पटलं याचा आला. पण नुसतं संतापून काय उपयोग? "हे थोतांड आहे" असं मी आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "डॉक्टर, दात तुमचे, देव आमचे. मग दुसरी रेघ का राहिली, ते सांगा." आणि खरं सांगायचं तर मला सांगता येईना.

उत्तर स्वतःच्या पायांनी माझ्या दवाखान्यात चालत आलं. दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्याने, गालाला उपरणं गुंडाळून, गंगाराम बुवा!

"दाढ," ते कण्हले.

"राखणदाराला विचारलंत का?"

"बाई, चेष्टा नको. हा देहाचा भोग आहे."

कुठली दाढ ते मी सांगणार नाही, धंद्याचा धर्म आहे. भोक बुजवायचं होतं, मुळापर्यंत गेलेलं नव्हतं. कीड कोरून काढली, धुतलं, आणि कापसाने टिपून सिमेंट भरायला घेतलं. तेवढ्यात बुवांनी माझा हात धरला. तोंड उघडं, तरी बोलले. सवयच ना!

"नीट सुकवा हां बाई. ओल्यावर कायच धरत नाय. सिमेंट असू दे नायतर रंग असू दे. खाली घाण नको नि ओल नको. दोन दिवसांत खपली निघंल."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"ठाऊक म्हणजे? पोफळीला वीजघराच्या कॉलनीत रंगकामावर होतो की. अख्खी कॉलनी..." आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. "पूर्वाश्रमी."

मी त्यांना पुन्हा आ करायला लावलं. नीट सुकवलं, नीट भरलं. पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अहो, ओल्या दातावर सिमेंट बसत नाही म्हणून तो सुकवायचं काम मी रोज सकाळी दहापासून करते आहे! आणि तीच गोष्ट खाली अंगणात घडते तर मला दिसू नये? बादल्यांवर बादल्या गोडं पाणी, सोडणाने घासणं, आणि ऊन रणरणेपर्यंत भजनं. बुवा राखणदाराला विचारत नव्हते, कोबा धुऊन वाळवत होते! भजन हे रंगाऱ्याचं वाट बघणं होतं. पण त्या एकाच पट्टीत ओल येते कुठून?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला समुद्रावर न जाता पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. वॉचमन गाढ झोपलेला, तो त्याच्या नोकरीचाच एक भाग होता. दंव पडून कोबा ओलसर. आणि फट-फट-फट आवाज करत फाटकातून राखणदार आला.

तीनचाकी टेम्पो होता. मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळी आणणारा इद्रीस चालवत होता. मागे टोपल्या, वर बर्फ, खालच्या फळ्यांतून खारं पाणी टपटप टपकत होतं. टेम्पो पट्टीवरून तिरका गेला आणि थेट आप्पांच्या हॉटेलच्या मागच्या दाराला लागला. आचाऱ्याने सुरमई उतरवून घेतली. टेम्पो त्याच पट्टीवरून परत फिरला.

मी वाकून जमिनीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट, वर माशाच्या तेलाचा बुळबुळीतपणा. रोज पहाटे हे पाणी सांडायचं, माणसं येईपर्यंत वाळायचं. मीठ तिथेच राहायचं आणि हवेतली ओल ओढून घेत बसायचं. त्यावर रंग कसा धरेल? तुम्ही विचाराल, वास नाही आला कुणाला? अहो, मांडवीत राहणाऱ्या माणसाला मासळीचा वास येत नाही. आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

"इद्रीसभाई," मी हाक मारली, "रोज इथूनच जाता?"

"हां. दिवाळीच्या आधीपासून. आप्पांनीच सांगितलेलं, रस्त्यावरनं वळसा नको, मधनं या. का, काय झाला?"

"तुम्ही राखणदार झालात."

त्याने दोन्ही कानांना हात लावले. "तौबा! बाय, मी फक्त म्हावरं टाकतंय!"

मी त्याला म्हटलं, कुणाला काही बोलू नका, फक्त रोजच्यासारखे येत राहा.

अमावास्येला सकाळी कॉम्प्लेक्ससमोर जत्रा भरली. घुमटीच्या विटा आल्या होत्या. सगुणाची टपरी अजून उभी होती, पण आत काही नव्हतं. ती मुलींना घेऊन भिंतीला टेकून उभी होती. बुवा दोन तांबे घेऊन आले. पितळी तांब्यात काय असतं ते मला आता चाखून बघायचं होतं. मी पांढरा कोट घालून खाली उतरले आणि पुढे होऊन उजवा हात ओंजळीसारखा धरला.

"महाराज, तीर्थ."

बुवा गडबडले. "कुठलं?"

"त्या पितळी तांब्यातलं. एवढी पूजा झाली, आम्हाला थेंबभर तीर्थ नाही मिळालं."

"ते माणसाने प्यायचं नाही. म्हाराजाचं आहे."

"असं कसं?" सोनूबाई मागून पुढे आली. त्या म्हातारीने आयुष्यात एकही पूजा तीर्थ न घेता सोडली नव्हती. "जे प्यायचं नाय ते तीर्थ कसलं? दे रे इकडं!" तिने बुवांच्या हातातला तांबा तिरका केला, ओंजळ भरली आणि प्याली. आणि थू:! बुवांच्या पायांवरच.

"मेल्या, समुद्र पाजलास मला!"

गर्दीत खसखस पिकली. पण बुवाला कमी समजू नका. एक क्षणही न दवडता त्याने डोळे वर फिरवले आणि हात आकाशाकडे केले.

"म्हाराजाचे अश्रू! तो रडतोय! आजी, तुम्ही भाग्यवान, तुम्ही त्याचे अश्रू प्यालात!"

"आहाहा," औषधवाला पुटपुटला. आणि सोनूबाई, जी आत्ता थुंकली होती, तिने तोंडाला पदर लावून नमस्कार केला! मी कपाळावर हात मारला. मनात म्हटलं, थांब, तुझीच दाढ तुझ्या हाताने काढायला लावते.

"आप्पा," मी म्हटलं, "मलाही गाऱ्हाणं घालायचं आहे. मला एक रेघ वाटेवर मारू द्या. आणि बुवांनी एक रेघ तिकडे मारावी, समुद्राच्या बाजूच्या कोपऱ्यात. तिथे वाट नाही ना, बुवा?"

"नाही," बुवा सावधपणे म्हणाले.

"म्हणजे तुमची रेघ तिथे राहायलाच हवी. वर तुमचं गाऱ्हाणं. आणि शिंपडायला हेच अश्रू."

"नको, तिथे मी तांब्याच्या तांब्यातलं..."

"का? अश्रूंहून पवित्र काय असतं?"

गर्दी म्हणाली, खरंच की. आप्पाही म्हणाले, "बुवा, तुमचं गाऱ्हाणं आहे, भीती कसली? टपरीचं उद्या बघू." बुवांच्या कपाळावर घाम आला. पण स्वतःच अश्रू म्हटलेल्या पाण्याला नाही कोण म्हणणार? समुद्राचं पाणी शिंपडलं, सखारामने लगेच रेघ मारली, बुवांनी इतकं लांब गाऱ्हाणं घातलं की त्यात रत्नागिरी जिल्ह्यातले सगळे देव येऊन गेले.

मग माझी पाळी. मी नळाला पाइप लावला आणि बरोबर पट्टीच्या मधोमध कोबा धुतला. धुण्याची पावडर टाकली, सोडणाने घासला, पुन्हा धुतला. मग वरती जाऊन दोन पेशंट बघून आले. दुपारी कोबा तापून कोरडा ठणठणीत झाल्यावर खाली येऊन आवाज लावला.

"बा बत्तीस दातांच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या ठिकाणी जी काय माणसं रात्री दात न घासता झोपत असतील..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि चहात चार चमचे साखर घालत असतील..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या दाढंत जी काय कीड पडली असंल, ती त्यांनी आपल्याच हातानं पाडली हाय म्हाराजा!"

"व्हय म्हारा..." इथे निम्मी माणसं थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली. पोरंटोरं फिदीफिदी हसायला लागली. आप्पा संतापले, "डॉक्टर, हा विनोद नाही!" मी म्हटलं, "माझ्या पेशंटना विचारा, मुळीच नाही." सखारामने रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यांना बोलावलं होतं. आप्पा मफलर गुंडाळून आले, बुवा आले, सोनूबाई आली, सगुणा भांड्यांचं गोणतं आणि मुलींना घेऊन आली. आधी समुद्राकडच्या कोपऱ्यात गेलो. आप्पांनी चप्पल घासली. जिल्ह्यातल्या सगळ्या देवांनी राखलेली रेघ चपलेबरोबर सोलून आली. मग पट्टीकडे आलो. माझी बत्तीस दातांची रेघ पांढरीशुभ्र. आप्पांनी चप्पल घासली, नख लावलं, शेवटी किल्लीने खरवडली. जागची हलली नाही.

"बघितलंत?" मी सुरू केलं, तेवढ्यात फट-फट-फट. फाटकातून दिव्याचा झोत आला, आणि पट्टीवरून, आमच्या सगळ्यांच्या समोरून, खारं पाणी सांडत टेम्पो तिरका निघाला.

बुवांना जे सुचलं त्याची मला आजही दाद द्यावीशी वाटते. ते धाडकन गुडघ्यांवर बसले आणि ओरडले, "आला! म्हाराजानं रूप घेतलं!"

टेम्पो करकचून थांबला. आतून डोकं बाहेर आलं. "ओ, मी इद्रीस!"

आधी सोनूबाई हसली. मग जे काही हसणं सुटलं, ते वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडेपर्यंत. मी त्या हशातच सगळं सांगून टाकलं. ही वाट कुणाची, हे पाणी कसलं, मीठ ओल कसं धरून ठेवतं, ओल्यावर रंग का धरत नाही, भजनांच्या वेळात कोबा कसा वाळला. ज्याला पटत नव्हतं, त्याला जमिनीला बोट लावून चाखायला लावलं. औषधवाल्याने दोनदा चाखलं.

"आप्पा," मी म्हटलं, "तुमचा राखणदार रोज पहाटे तुमचीच सुरमई घेऊन येतो. त्याला मधून यायला तुम्हीच सांगितलंत."

आप्पा टेम्पोकडे, मग स्वतःच्या हॉटेलकडे बघत राहिले. "मी... मी वळसा वाचावा म्हणून..."

बुवा उठून उपरणं झटकत होते. मी म्हटलं, "गंगाराम, रंगारी म्हणून तुम्ही नंबर एक आहात हो. कोबा असा तयार करणारा माणूस या गावात दुसरा नाही. तेच का नाही करत?" त्यांनी दोन्ही तांबे उचलले आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागले. पोरं मागून "व्हय म्हाराजा" ओरडत नाक्यापर्यंत गेली.

सगळे हसत होते. सगुणा हसत नव्हती. ती पुढे आली. अंगातला ताप उतरलेला नव्हता, पण आवाज खणखणीत होता.

"आप्पा, इथनं कोण म्हाराजा जात नव्हता ना?"

"नाही गं. चुकलंच आमचं."

"मग मी कुणाची वाट अडवली होती?"

आप्पांनी मफलर सोडून हातात घेतला.

"माझ्या पोरींना चार दिवस शेजारपाजारची पोरं खेळायला घेत नव्हती. पापिणीच्या पोरी म्हणून. तुम्ही सगळे माझ्या हातचं खाल्लेली माणसं. एकानं तरी म्हणायचं होतं, हिच्यामुळं कसं काय?" तिने एक बोट वर केलं. "एकानं!"

हसणं थांबलं. औषधवाल्याने मान खाली घातली. सोनूबाई पुढे झाली आणि तिने सगुणाच्या हातातलं गोणतं घेतलं, टपरीपाशी नेलं आणि एकेक भांडं काढून जागच्या जागी लावायला लागली. मग आप्पा वाकले. त्या माणसाला मी कधी काही उचलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी घुमटीच्या विटा एकेक करून टपरीसमोरून बाजूला ठेवल्या.

आता तुम्हाला सरळ सांगते. राखणदार असतो की नाही, या वादात मी पडत नाही. तुम्ही मानता, माना. दरवाजात नारळ ठेवता, ठेवा. पण कुणी येऊन म्हणालं की तुमचं अमुक बिघडलं ते तमक्या बाईमुळे, तिला उठवा, तिला हाकला, तर लगेच "व्हय म्हाराजा" म्हणू नका. कशावरून, ते विचारा. दुसऱ्या जागी तसंच करून दाखव म्हणावं. तीर्थ देतो तो आधी स्वतः पितो का, ते बघा. विचारल्याने खरा देव रागावत नाही, आणि जो रागावतो त्याची दानपेटी कुठे आहे ते शोधा. तुमचा प्रश्न चुकला तर फार तर चार माणसं हसतील. न विचारल्याने एका बाईची चूल विझत होती, आणि ती विझवायला निघालेले सगळे तिच्याच हातचं रोज खाणारे होते.